कंपनीच्या सायकली

तुळशीचं लग्न झालं आणि दुसऱ्याच दिवशी बाबल्याने भाड्याची सायकल परत आणून लावली.

दत्ताराम पाष्टे तेव्हा घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब बुडवून पंक्चर शोधत बसला होता. तीन रस्ते मिळतात त्या तिठ्यावर, चिऱ्याच्या जोत्यावर पत्र्याचं छप्पर, एवढंच त्याचं दुकान. मागच्या बाजूला त्याच भिंतीला लागून घर. पुढे भाड्याच्या सायकली ओळीने लावलेल्या असत. बाबल्या सड्यावरच्या, म्हणजे वरच्या कातळमाळावरच्या, कोळंबीच्या कंपनीत बर्फाच्या लाद्या फोडायला होता आणि महिन्याच्या भाड्याने सायकल न्यायचा. त्याच्यासारखे आणखी बरेच होते. त्यांच्यावरच दुकान उभं होतं.

"हवा कमी हाय काय?" दत्तारामने विचारलं.

"नाय. आता नको मला ती."

"का रे? मुंबईला चाललास?"

"कंपनी नवी देतेय," बाबल्या म्हणाला. त्याला सांगताना जरा लाज वाटत होती, पण आनंदही लपत नव्हता. "सगळ्यांना. पगारातनं दर म्हयन्याला कापून घेनार, मग सायकल आपली. बायामान्सांना पन देनार, लेडीज. बोट आली की कोळंबी थांबत नाय ना. यष्टी येते दुपारच्याला. म्हनून सायबांनी काढलान असा."

ट्यूबमधून बुडबुडे येत होते. दत्तारामचं बोट त्या भोकावर होतं, पण त्याला ते दिसेना.

"कोनाकडनं घेनार सायकली?"

"ते नाय ठावं." बाबल्याने सायकल भिंतीला टेकवली आणि तो चालत निघून गेला. आठवड्याभरात आणखी चौघांनी सायकली आणून लावल्या. कुणी 'कंपनी' म्हणालं, कुणी काहीच म्हणालं नाही.

रात्री जेवताना दत्तारामने बायकोला विचारलं. हौसा त्याच कंपनीत कोळंबी सोलायला जाई, वाडीतल्या बायकांबरोबर, कातळावरून पायी.

"तू ऐकलंस काय सायकलींचा?"

"ऐकलंय," हौसा म्हणाली आणि तिने त्याच्या पानात भात वाढला. बर्फाच्या पाण्याने तिच्या बोटांची टोकं पांढरी पडून सुरकुतली होती. नखांच्या कडेला कोळंबीचे काटे लागून झालेल्या जखमा होत्या. डाव घट्ट धरता येत नव्हता म्हणून ती दोन्ही हातांनी वाढत होती.

"घ्यायच्याच तर माझ्याकडनं घेतील. जवळचा दुकान सोडून जातील कशाला?" दत्ताराम म्हणाला.

म्हातारी गोदूबाई, त्याची आई, कोपऱ्यातून म्हणाली, "जाऊन विचार ना. तोंड हाय ना तुला."

हौसा भाताचं भांडं उचलून चुलीकडे वळली.

दत्ताराम धुतलेला शर्ट घालून कंपनीत गेला. फाटकाशी वॉचमन धोंडूने त्याला बसायला सांगितलं. बसायला दगड होता, त्यावर ऊन. बर्फाचा ट्रक येऊन गेला, कोळंबीच्या टोपल्या उतरल्या, साहेब जेवून आले. मग विचारे सुपरवायझरने त्याला आत बोलावलं, पण बस म्हटलं नाही.

"सायकली? त्याचं ठरलंय. कोल्हापूरच्या डीलरकडून येतायत. एवढ्या एकदम तू कुठून देणार?"

"मागवल्या असत्या साहेब. थोडी मुदत दिली असती तर."

"झालं ते झालं." विचारेने पान लावलं. "पण त्या सुट्या येणार, खोक्यांतून. जोडायला माणूस हवाच आहे मला. येशील?"

 ज्या सायकलींनी दत्तारामचं दुकान बसणार, त्याच त्याने जोडायच्या. तो नाही म्हणणार होता. तोंडातून निघालं, "येतो."

खोकी आली. कंपनीच्या आवारात करवंदीच्या जाळीशेजारी त्याने गोणपाट अंथरलं आणि तो कामाला लागला. पुढच्या चाकाचा चिमटा बसवायचा, बेअरिंगच्या कोनात छर्रे भरायचे, चाकं लावायची, ब्रेकच्या दांड्या जोडायच्या, शेवटी हॅन्डल घालून मधला बोल्ट आवळायचा. सडा नुसता तापलेला होता. सावली नाही. पान्हा हाताला चटके देई. नव्या रंगाचा वास आणि शेडमधून येणारा कोळंबीचा वास एकत्र होऊन डोकं जड होई. तरी हात चालू होते. सायकली चांगल्या होत्या, हे त्याला नाकारता येईना.

दुसऱ्या दिवशी दुपारी बायका जेवायला बाहेर आल्या. आल्या आल्या लेडीज सायकलींभोवती जमल्या. चिमा त्यांत सगळ्यांत लहान. लग्न होऊन वर्ष झालेलं, नवरा मुंबईत गिरणीत. तिने सीटवर हात फिरवला आणि लगेच मागे घेतला.

"घंटी वाजवून बगू काय ओ भावजी?"

"वाजव."

तिने घंटी वाजवली आणि सगळ्या हसल्या. तेवढ्यात विचारे आला. त्याने राहिलेल्या सायकली पाहिल्या आणि मोठ्याने विचारलं, "ही निळी लेडीज कोणाची ठरली?"

धोंडू म्हणाला, "हौसाची, साहेब. ह्याच्याच मंडळीची."

दत्तारामने मान वर केली. हौसा बायकांच्या मागे उभी होती. तिने पदर ओठांवर धरला होता.

"अरे वा!" विचारे खदखदून हसला. "काय रे दत्ताराम, तुझ्या घरात दुकान आणि बायको आमची गिऱ्हाईक! तुझ्या सायकलींवर तिचा भरवसा नाही वाटतं?"

बायका हसल्या. चिमा पण हसली. हसण्यात वाईट काही नव्हतं, पण दत्तारामला ते पाठीवर फोक बसावा तसं लागलं. त्याच्यासमोर चार सायकली राहिल्या होत्या. हॅन्डलं नुसती घातलेली होती, बोल्ट आवळायचे होते. त्याने पान्हा गोणपाटावर टाकला, पायात चप्पल अडकवली आणि फाटकातून बाहेर पडला. कुणाशी एक शब्द बोलला नाही.

"अरे, चार राहिल्या की!" विचारे मागून ओरडला. मग धोंडूला म्हणाला, "तू कर रे. पक्कड आहे ना तुझ्याजवळ? काय एवढं त्यात."

संध्याकाळी हौसा घरी आली ती पायीच. सायकल तिने वाडीतल्या कमळाच्या पडवीत ठेवली होती. दत्ताराम दुकानाच्या फळ्या लावून अंधारात बसला होता.

"मला सांगितला नायस," तो म्हणाला.

"सांगून तुमी काय म्हनला असतात?"

"चार लोकांत माझा तोंड काळा केलंस तू. दुकानदाराची बायको कंपनीची सायकल घेते. उद्या कोन येईल माझ्या दारात?"

हौसा उंबऱ्यावर बसली. तिने पाय पुढे केले. टाचांना कातळावर चालून भेगा पडल्या होत्या, एका भेगेत चिंधी भरलेली होती.

"लगीन होऊन या घरात आले त्या दिवसापासनं दारात सायकली बगतेय," ती म्हणाली. "मी त्या पुसल्या. त्यांच्या चाकांना तेल घातलां. पावसात आत घेतल्या. तुमी मला एक दिवस म्हनलात काय, बस, शिकवतो? एवढ्या लांब पायी जातंस, ही घेऊन जा? बाबल्याला दिलीत, वाडीतल्या पोरांना दिलीत. माझ्या मनात आलां, पन बाईने कसा मागायचा. कंपनीने विचारलान, 'हवी काय?' मी म्हनलां, हवी."

 गोदूबाईने आतून फक्त हुंकार दिला. तो कुणाच्या बाजूचा होता ते कळलं नाही.

त्यानंतर नवरा-बायकोचं बोलणं तुटलं. बायका सुट्टीच्या दिवशी सड्यावर सायकल शिकत. गुडघे फुटत, साड्या फाटत, गुरं राखणारी माणसं बघायला थांबत. दत्तारामच्या कानांवर सगळं येई, पण तो तिकडे गेला नाही. हौसाही तिठ्यावरून जात नसे. कमळाच्या घरामागून कातळावरची वाट धरी. तिच्या सायकलचं हॅन्डल पहिल्या दिवसापासून जरा हलत होतं. नवऱ्याला सांगणं शक्य नव्हतं. तिने बाबल्याला सांगितलं, त्याने बर्फखान्यातला पान्हा आणून ते आवळून दिलं. बाकीच्या सायकलींचं तिच्या मनातही आलं नाही.

पौषात एका सकाळी, थंडीचं धुकं अजून खाडीवरून उठलं नव्हतं, तेव्हा एक बाई धावत तिठ्यावर आली.

"चिमा पडली! घाटीत पडली! हॅन्डल हातातच फिरलां तिच्या!"

दत्ताराम हातातलं चाक टाकून धावला. घाटी म्हणजे सड्यावर जाणारी चढउताराची वाट, एका बाजूला दगडी कुंपणाचा गडगा, दुसऱ्या बाजूला खोल नारळीचं आगर. चिमा गडग्याशी पडली होती. चिऱ्यावर तोंड आपटलेलं. ओठ फाटून लोंबत होता, पुढचे दात नव्हते, आणि उजवा हात मनगटापासून भलत्याच दिशेला वळलेला होता. हौसा तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. तिचा सगळा पदर रक्ताने भिजला होता. चिमा रडतही नव्हती. डोळे मोठे करून सगळ्यांकडे बघत होती, हे कोणाला झालंय ते तिला कळत नसावं तशी.

"मी वळवलां... चाक वळलांच नाय..." ती म्हणाली. शब्द नीट येईनात. "मी वळवलां ओ..."

सायकल खाली पडली होती. चाक सरळ, हॅन्डल आडवं. दत्तारामने वाकून ते धरलं आणि नुसत्या दोन बोटांनी फिरवलं. ते सैल फिरलं. मधला बोल्ट वरचेवर बसवलेला होता, त्याच्या डोक्यावर पक्कडीचे ओरखडे होते.  तो तसाच वाकून त्या ओरखड्यांवर बोट फिरवत राहिला.

मागून कोणीतरी त्याची मानगूट धरली. चिमाचा सासरा भागोजी.

"तूच जोडल्यास ना सायकली? तूच ना?" म्हाताऱ्याने त्याला हिसडून वळवलं. "तुझा धंदा बसला म्हनून आमच्या पोरीचा जीव घेतोस?"

आणि त्याने दत्तारामच्या तोंडात मारली. दत्तारामला आयुष्यात बापाशिवाय कुणी मारलं नव्हतं. जमलेल्या माणसांत एकही पुढे झाला नाही. तो गालाला हात लावून उभा राहिला आणि त्याला एवढंच दिसत होतं की बाबल्याही त्याच्याकडे तसाच बघतोय.

कंपनीच्या टेम्पोतून चिमाला रत्नागिरीला सिव्हिलमध्ये नेलं. जबडा बांधला, हात प्लास्टरमध्ये घातला. डॉक्टर म्हणाले, जीव वाचला, पण मनगट पूर्वीसारखं वळेल याची खात्री नाही. कोळंबी सोलायला मनगटच लागतं.

तिठ्यावरचं दुकान उघडं राहिलं, पण समोरून जाणारी माणसं तिकडे न बघता जाऊ लागली. पंक्चर झालेली सायकल ढकलत लोक पुढच्या गावापर्यंत जात. गोदूबाई विहिरीवर गेली तर बायका आपापल्या कळश्या उचलून बाजूला झाल्या. म्हातारी रिकामा हंडा घेऊन परत आली आणि चुलीसमोर बसून राहिली. कुणी शिवी दिली असती तर तिने उलट दिली असती, पण असं गप्प बाजूला होणं तिला माहीत नव्हतं.

विचारे एके दिवशी आपणहून दुकानात आला. स्टुलावर बसला, चहाही मागवला.

"हे बघ दत्ताराम. लोक कंपनीला नावं ठेवतायत. मुंबईचे मालक विचारतायत. तू एवढंच म्हण, जोडताना एक बोल्ट आवळायचा राहून गेला. माणसाच्या हातून होतं. मुद्दाम केलं असं कोण म्हणतंय? चिमाच्या दवाखान्याचं कंपनी बघेल. आणि पुढची सगळ्या सायकलींची दुरुस्ती तुझ्याकडे. कायमची."

"आनी नाय म्हनलां तर?"

"तर मग कंपनी काय करणार? सायकल तिची. पडली ती." विचारेने चहा संपवला. "उद्या सकाळी फाटकाशी ये. भागोजीला मी बोलावलंय."

त्या रात्री बऱ्याच दिवसांनी दत्ताराम बायकोशी बोलला. त्याने सगळं सांगितलं. हौसा ऐकता ऐकता भाकरी थापायची थांबली.

"तुमी काय म्हनलात?"

"काय नाय. पन म्हनायचा मनात हाय. पोरीचा दवाखाना होईल. दुकान चालंल."

"आनी लोक जन्मभर म्हनतील, दत्तारामाने पोरीचा हात मोडलान."

"आता पन तेच म्हनतात." तो विस्तवाकडे बघत होता. "आनी मी उठून गेलोच की मधी. सांगायला हवा होता, या चार राहिल्यात, हात लावू नका. एवढाच बोलायचा होता. नाय बोललो. रागात होतो."

"माझ्यामुळे," हौसा म्हणाली.

त्याने चुलीतलं लाकूड आत सारलं.

"माझा पन हॅन्डल हलत होता," ती हळू आवाजात म्हणाली. "मी बाबल्याकडनं आवळून घेतलां. चिमा माझ्या बाजूनेच सायकल हाकत होती रोज. मी तिला नाय विचारलां, तुझा हलतोय काय गो." तिने पिठाचे हात तोंडावर ठेवले. तिचे खांदे हलायला लागले. तव्यावरची भाकरी करपली तरी कुणी काढली नाही.

सकाळी फाटकाशी बायका कामावर जायला जमल्या होत्या. भागोजी डोक्याला फडकं बांधून एका बाजूला उभा होता. विचारे दत्तारामला पुढे घेऊन आला.

"सांग रे," तो म्हणाला. "मोकळेपणाने सांग. कंपनी समजून घेईल."

दत्ताराम भागोजीसमोर जाऊन उभा राहिला.  "सायकली मी जोडत होतो," तो म्हणाला. "चिमाच्या सायकलचा बोल्ट..."

"त्यांनी नाय जोडली ती," हौसा म्हणाली.

ती बायकांतून पुढे आली. तिचा आवाज नेहमीचाच होता.

"चार राहिल्या होत्या तेव्हा ते उठून गेले. माझ्यावर रागावून गेले. या साहेबांनी धोंडूदादांना सांगितलान, तू कर, पक्कड हाय ना. आमी सगळ्या जेवत होतो तिथे. सगळ्यांनी ऐकलाय. कमळाबाय, तू ऐकलंस की नाय?"

कमळा पायांकडे बघत राहिली.  विचारेच्या तोंडातलं पान थांबलं होतं.

"कामावर उशीर होतोय," तो म्हणाला. "चला आत सगळ्या."

एकही बाई हलली नाही. तेवढ्यात फाटकाशी उभा असलेला धोंडू, कोणी न विचारता, म्हणाला, "पक्कड माझीच होती. मला कळला नाय ओ. मी म्हनलां, बसला घट्ट." आणि तो फाटकाची साखळी हातात धरून लहान पोरासारखा रडायला लागला.

भागोजीने दत्तारामकडे पाहिलं. मग विचारेकडे. म्हाताऱ्याला काय करावं कळेना. त्याने डोक्याचं फडकं सोडलं, पुन्हा बांधलं. मग म्हणाला, "साहेब, चिमाच्या पगारातनं या म्हयन्याला पन सायकलीचे कापून घेतलेत. तिचा भाऊ पगार आनायला आलेला, त्याला तसाच दिलान."

"तो नियम आहे," विचारे म्हणाला. "सायकल घेतली म्हणजे..."

पुढचं त्याने गिळलं. बायकांच्या घोळक्यातून कसलासा आवाज आला. शब्द नव्हता. मोडलेली सायकल भागोजीच्या गोठ्याला टेकवलेली सगळ्यांनी पाहिली होती. हात प्लास्टरमध्ये घालून बसलेल्या पोरीच्या पगारातून तिचे पैसे अजून कापून घेतले जातायत, हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. जी ती आपापल्या सायकलीकडे बघायला लागली. जणू रात्रीत कुणी बदलून ठेवली होती.

कंपनीने चिमाचं कापणं थांबवलं. दवाखान्याचं काही दिलं, काही दिलं नाही. भागोजी दत्तारामकडे माफी मागायला आला नाही, पण एका सकाळी पायरीवर ताज्या मासळीची वाटी ठेवलेली होती आणि गोदूबाईने ती न विचारता चुलीवर चढवली. विहिरीवर तिला पुन्हा जागा मिळाली. धोंडूला महिनाभरात काढून टाकलं. हौसाला तर फाटकाशी बोलली त्याच दिवशी सांगितलं होतं, उद्यापासून येऊ नकोस. पगारच नाही म्हटल्यावर कापणार कशातून? म्हणून सायकल परत द्यायची.

ती न्यायला टेम्पो आला तेव्हा ऊन चढलं होतं. ड्रायव्हर केरू घाईत होता. हौसाने कमळाच्या पडवीतून सायकल आणली, तिठ्यावर, दुकानासमोर उभी केली आणि बाजूला झाली. मडगार्डवरचा धुरळा पदराने पुसला.

"चढव रे मागं," केरू म्हणाला.

"थांब," दत्ताराम म्हणाला.

त्याने सायकल स्टॅन्डवर घेतली. पान्हा आणला. हॅन्डलचा बोल्ट आवळला, ब्रेकच्या दांड्या ओढून पाहिल्या, पुढचं चाक फिरवून त्याला कान लावला, मागच्या चाकाचे नट तपासले. गोणपाटावरून उठून गेल्यापासून त्याने या सायकलला पहिल्यांदाच हात लावला होता.

"परत जायची ती," केरू म्हणाला. "कशाला मरतोस?"

"दुसरा कोनतरी बसनार तिच्यावर." दत्ताराम उठला. हात फडक्याला पुसले. मग हौसाकडे न बघता म्हणाला, "एक फेरी मारून आन. हॅन्डल सरळ हाय काय ते चालवल्याबिगर कळायचा नाय."

हौसा त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने पदर कमरेला खोचला, सायकल रस्त्यावर घेतली, एक पाय पायडलवर ठेवला, दोनदा ढकललं आणि बसली.

दत्तारामला वाटलं होतं ती डगमगेल. ती डगमगली नाही. पाठ सरळ, कोपर जरासे बाहेर. भाताच्या गिरणीवरून, यष्टीच्या थांब्यावरून ती सरळ गेली. थांब्यावरची माणसं उठून उभी राहिली. गोदूबाई दारात येऊन तोंडावर हात ठेवून बघत होती. दत्तारामने जन्मात किती सायकलस्वार पाहिले असतील त्याची गणती नव्हती. आणि ही बाई त्याच्या घरात इतकी वर्षं होती. त्याचा हात पान्ह्यासकट तसाच राहिला.

वळणावर ती दिसेनाशी झाली. बराच वेळ झाला. केरूने टेम्पोत चढून इंजिन सुरू केलं, हॉर्न वाजवला, शिवी घातली.

"गेली काय पळून तुझी बायको?"

दत्ताराम रस्त्याकडे बघत होता. 

मग वळणावरून घंटी वाजली. हौसा आली, दुकानासमोर ब्रेक दाबून उतरली. तिला धाप लागली होती आणि कपाळावरचं कुंकू घामाने पसरलं होतं.

"हॅन्डल सरळ हाय," ती म्हणाली. "डाव्या पायडलला आवाज हाय जरा."

दत्तारामने तेलाची बुधली घेतली आणि तिच्या पायाशी, सायकलशेजारी, खाली बसला. केरू काहीतरी म्हणणार होता, पण त्याने इंजिन बंद केलं.